एकत्रित नफ्याचा शोध

उद्योगसमूहाच्या वार्षिक आढावा बैठकीत अध्यक्षांनी एक साधा प्रश्न विचारला आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. प्रश्न असा होता : "यंदा आपल्याला नफा किती झाला?"

असा प्रश्न विचारण्याची समूहात पद्धत नव्हती. अध्यक्ष दरवर्षी "नफा झाला ना?" एवढंच विचारत आणि सगळे संचालक एका सुरात "झाला, झाला" म्हणत. पण आदल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर अध्यक्षांच्या व्याह्यांनी त्यांना नफ्याचा आकडा विचारला होता आणि अध्यक्षांना पाण्याचा ग्लास उचलून वेळ मारून न्यावी लागली होती. व्याह्यापुढे माणूस एक वेळ गरीब दिसला तरी चालतं. अडाणी दिसून चालत नाही.

वित्त संचालकांनी एक आकडा सांगितला. विक्री संचालकांनी त्याच्या दुप्पट सांगितला. मनुष्यबळ संचालक म्हणाले, नफा हा आकडा नसून ती एक भावना आहे. मग सगळ्यांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या लेखाप्रमुख बाईंकडे पाहिलं.

बाईंना कचेरीत पाठीमागे 'वजाबाकीबाई' म्हणत. समूहाच्या अकरा कंपन्या होत्या. प्रत्येकीचे हिशेब निराळे, हिशेब लिहायची तऱ्हा निराळी. एकीचं वर्ष उन्हाळ्यात संपे, दुसरीचं थंडीत. या अकरा जणींचा मिळून एक हिशेब करणं हे बाईंचं काम. त्यात एका कंपनीने आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकलेला माल वजा करावा लागतो. "डाव्या खिशातली नोट उजव्या खिशात टाकली म्हणून माणूस श्रीमंत होत नाही," असं त्या नव्या माणसांना समजावत. नवी माणसं मान डोलावत आणि विक्री विभागात बदली मागत.

अडचण अशी होती की एक कंपनी म्हणे, आम्ही बहिणीला शंभरचा माल विकला; बहीण म्हणे, आम्ही ऐंशीचाच घेतला. जुळेल तेवढं बाई वजा करत. जुळणार नाही ते 'इतर' नावाच्या खात्यात जाई. आता समूहातली सगळ्यात मोठी उलाढाल 'इतर'चीच झाली होती.

"साहेब, नक्की आकडा सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "साधारण सांगू?"

"साधारण मलाही माहीत आहे. साधारण नफा आहे." अध्यक्ष वैतागले. "अहो, जग कुठे चाललंय! असं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे, बटण दाबलं की अकरा कंपन्यांचा हिशेब एकत्र होऊन समोर येतो. ते घ्या."

बाई वर्षानुवर्षं हेच मागत होत्या. त्यांना आनंद झाला. कचेरीत आनंद व्हायला लागला की माणसाने सावध व्हावं, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणजे समिती आलीच. समितीला मार्ग दाखवायला सल्लागार आला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की समितीचे सदस्य बोलताना त्यांच्याकडेच बघत. त्याला आकडेमोड येत नव्हती. पण आकडेमोड न येणाऱ्यांशी बोलता येत होतं, आणि समितीत बहुमत त्यांचंच होतं. त्याने पहिल्याच दिवशी 'गरजांचे सर्वंकष संकलन' हाती घेतलं.

विक्री विभागाची गरज होती की नफा हिरव्या रंगात दिसावा. तोटा? तोटाही हिरव्यातच, जरा फिकट. विधी विभागाला प्रत्येक आकड्याखाली 'हा आकडा खरा असेलच असे नाही' ही ओळ हवी होती. सुरक्षा विभागाचं म्हणणं पडलं की आकडा गोपनीय असल्याने तो शक्यतो कोणालाच दिसू नये. मनुष्यबळ विभागाने, सॉफ्टवेअरने सकाळी कर्मचाऱ्याची विचारपूस करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. बाईंनी एकच गरज लिहून दिली : 'वजाबाकी बरोबर व्हावी.' सल्लागाराने ती शेवटच्या पानावर 'असल्यास उत्तम' या सदरात घातली.

मग विक्रेते आले. पहिल्याने पडद्यावर डोंगर, सूर्योदय आणि हात हातात घातलेली माणसं दाखवली आणि घोषणा केली, "आमचं सॉफ्टवेअर संपूर्ण समूहाला देतं एकच सत्य!"

समितीने सल्लागाराच्या बुटांवरून नजर उचलली.

"एकच?" विक्री संचालक म्हणाले. "आमच्याकडे अकरा कंपन्या आहेत."

दुसरा विक्रेता बाहेर बाकावर बसून हे ऐकत होता. आत आल्याबरोबर त्याने आपली घोषणा बदलली. "आमच्याकडे प्रत्येकाला त्याचं त्याचं सत्य मिळतं," तो म्हणाला. "शिवाय हिरव्याच्या बावीस छटा." समितीने त्याला चहा दुसऱ्यांदा विचारला.

तिसरी आली ती दोन बहिणींच्या छोट्याशा कंपनीतली थोरली बहीण. डोंगर नाही, सूर्योदय नाही. तिने स्वतःच खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाली, "तुमचे खरे आकडे द्या. मग दाखवते."

"आधी दाखवा, मग आकडे देऊ," सल्लागार म्हणाला.

"आकड्यांशिवाय मी काय दाखवू? माझा चेहरा?"

बाईंना ती तिथेच आवडली.

समितीतल्या अकरा कंपन्यांच्या प्रतिनिधींनी तिघांना गुण दिले. कोणी दहापैकी दिले, कोणी शंभरपैकी, कोणी तारे काढले. गोदाम कंपनीच्या प्रतिनिधीने 'बरा', 'बराच बरा' आणि 'बाई हुशार वाटते' असं लिहिलं. हे गुण एकत्र कसे करायचे, हे कोणालाच कळेना. त्यासाठी आधी एक छोटं सॉफ्टवेअर घ्यावं आणि ते निवडायला उपसमिती नेमावी, असं सल्लागाराने सुचवलं. उपसमितीची पहिली बैठकही झाली. शेवटी बाईंनी अध्यक्षांना गाठलं. "साहेब, थोरल्या बहिणीला गेल्या वर्षीचे आकडे देऊन बघू. तुमच्या व्याह्यांना सांगायला आकडा तरी मिळेल."

व्याह्यांचं नाव निघताच परवानगी मिळाली.

प्रात्यक्षिकाला अध्यक्ष जातीने आले. पडदे ओढले गेले, भिंतीवर उजेड पडला आणि अकरा कंपन्यांचे नफे एकाखाली एक उभे राहिले. बेरीज इतकी घसघशीत होती की संचालकांनी आपसूक टाळ्या वाजवल्या.

"ही नुसती बेरीज," थोरली बहीण म्हणाली. "आता आपापसातली विक्री वजा करते. तुमच्या कुठल्याच दोन कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत, पण माझं सॉफ्टवेअर प्रत्येक मालाचा माग काढतं."

तिने बटण दाबलं. आकडा उतरू लागला. निम्मा झाला, पाव झाला. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. आकडा उतरतच राहिला, शून्यापाशी जरासा अडखळला आणि तसाच खाली गेला.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमचा एकत्रित नफा."

"कुठे आहे?"

"नाहीये."

"मशीन बिघडलंय," वित्त संचालक म्हणाले. सल्लागाराने वायर हलवून पाहिली.

"बिघडलेलं नाही," थोरली बहीण शांतपणे म्हणाली. "बघा ना. तुमची खोकी कंपनी पुठ्ठ्याची खोकी करते आणि नफा लावून वेष्टन कंपनीला विकते. वेष्टन कंपनी ती खोकी मोठ्या खोक्यांत भरते आणि नफा लावून व्यापार कंपनीला विकते. मधल्या काळात गोदाम कंपनी भाडं घेते, वाहतूक कंपनी हमाली घेते. व्यापार कंपनीकडे खोकी पडून मऊ पडतात, मग ती कागद कंपनीला रद्दी म्हणून जातात. कागद कंपनी त्यांचा लगदा करते आणि पुठ्ठा खोकी कंपनीला विकते. नफा लावून. सगळ्यांचा नफा सगळ्यांनीच दिलाय. वर्षभरात तुमच्याकडून बाहेरच्या फक्त एका माणसाने माल घेतलाय. गोदामातल्या मोडक्या फळ्या. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी."

"पण त्या खोक्यांत काय असतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"खोकी," गोदामाचा प्रतिनिधी म्हणाला.

"पूर्वी साबण असायचा," कोणीतरी मागून पुटपुटलं.

सगळ्यांना एकदम साबण आठवला. समूह सुरू झाला होता तोच मुळी साबणावर. "साबणाचं काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपणच बंद केलात साहेब," वित्त संचालक अदबीने म्हणाले. "तेव्हाच्या बारा कंपन्यांत तोच एक तोट्यात होता. तो एकटाच बाहेर विकायला लागायचा ना."

"मग इतकी वर्षं पगार कुठून होताहेत?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"बँका कर्ज देतात."

"कशाच्या जोरावर?"

"नफ्याच्या."

'इतर' खात्यात काय दडलंय हे बाईंना आज कळलं, आणि त्या खात्याखाली दरवर्षी सही त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा धाकटा भाऊ घरी आला. तो खोकी कंपनीचा व्यवस्थापक होता आणि तिथे त्याला बाईंनीच चिकटवलं होतं. आल्या आल्या त्याने चप्पल काढायच्या आधी विचारलं, "ताई, तू कारखाना बंद पाडणार आहेस असं ऐकलं."

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"हे बघ, फाटकातून ट्रक बाहेर गेला की माझं काम संपलं. पुढे तो कुठे जातो ते बघायचा मला पगार नाही."

"आणि रद्दी परत येते ती? त्यावर तुमचाच शिक्का असेल की."

भाऊ ओशाळला. "असतो. लगदा व्हायच्या आधी दिसतो कधी कधी. गावचं माणूस भेटल्यासारखं वाटतं." मग तो एकदम गंभीर झाला. "ताई, चारशे माणसं आहेत माझ्याकडे. सकाळी वेळेवर येतात, मान मोडून काम करतात. खोकं असं करतात की कोपऱ्याला बोट लावून बघ, केस जाणार नाही फटीतून. त्यांना मी काय सांगू? तुम्ही काही करतच नव्हतात म्हणून?"

बाईंचे यजमान आतून चहा घेऊन आले. कप ठेवता ठेवता त्यांनी अगदी हळू विचारलं, "अगं, आणि आपले शेअर?" निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी बायकोच्या कंपनीत घातले होते. बायको हिशेब बघते म्हटल्यावर आणखी सुरक्षित जागा कुठली!

बाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्या अध्यक्षांच्या दालनात गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "साहेब, साबण परत सुरू करू या. माणसं आहेत, ट्रक आहेत, गोदामं आहेत, खोकी तर विचारूच नका."

"साबणात तोटा होतो."

"पहिली काही वर्षं होईल. पण तो खरा तोटा असेल, साहेब. खरा तोटा भरून काढता येतो. खोट्या नफ्याचं काय करणार?"

अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं. माणूस तसा वाईट नव्हता. "बाई, बाहेर विकायचं म्हणजे गिऱ्हाईक आलं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "गिऱ्हाईक भाव पाडतं. माल परत करतं. फेस येत नाही म्हणतं. आपल्या कंपन्यांनी इतक्या वर्षांत एकमेकींची एक तरी तक्रार केली? घर कसं गोकुळासारखं आहे. ते साबणासाठी मोडायचं?"

सल्लागाराचा अहवाल त्याच आठवड्यात आला. थोरल्या बहिणीचं सॉफ्टवेअर 'तांत्रिकदृष्ट्या सक्षम, तथापि संस्थेप्रती नकारात्मक दृष्टिकोन बाळगणारे' असल्याने बाद झालं. दुसऱ्या विक्रेत्याचं निवडलं गेलं. त्यातही आपापसातली विक्री वजा करायची सोय होती; पण ती बंद ठेवायची कळही होती आणि कळीला 'कौटुंबिक सलोखा' असं नाव होतं. कळ दाबली की नफा हिरवागार होई आणि सॉफ्टवेअर विचारपूस करी, "आज कसं वाटतंय?"

बाईंनी समूहाच्या वार्षिक अहवालावर सही करायला नकार दिला.

वित्त संचालकांनी समजावलं, मनुष्यबळ संचालकांनी भावना समजून घेतल्या, सल्लागाराने बाईंची जागा दुसऱ्या जागेत 'एकत्रित' करण्याची सूचना केली. बाई हलल्या नाहीत. शेवटी अध्यक्षांनीच विचारलं, "तुमचं म्हणणं तरी काय?"

"अहवालात मी एक टीप लिहीन. जशी लिहीन तशी छापायची. मग सही करते, आणि भागधारकांची सभा झाली की राजीनामाही देते."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि ते मोकळं हसले. "एवढंच? लिहा की! टिपा वाचतं कोण?"

बाईंनी टीप लिहिली. आयुष्यभर त्यांनी 'उपरोक्त', 'सदरहू' आणि 'तथापि' यांच्या आडोशाने लिहिलं होतं. या वेळी घरात बोलावं तसं लिहिलं. 'आमच्या कंपन्या रिकामी खोकी एकमेकींना विकतात. बाहेर कोणी काही घेत नाही. दाखवलेला नफा खरा नाही. पगार आणि लाभांश कर्जातून दिले जातात.' बाहेरून आलेल्या लेखापरीक्षकांनी टीप आहे याची खात्री करून घेतली, तिला क्रमांक आहे याचीही करून घेतली, आणि सही केली.

भागधारकांच्या वार्षिक सभेला सभागृह खच्चून भरलं होतं. माणसं चांगली शिकलेली होती. निवृत्त प्राध्यापक होते, डॉक्टर होते, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे होते. अध्यक्षांचं भाषण झालं. प्रश्न विचारायची वेळ आली आणि चौथ्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांच्या हातात अहवाल होता आणि त्यात बोट घातलेलं होतं.

"मी टीप वाचली आहे," ते म्हणाले.

व्यासपीठावर वित्त संचालकांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला. बाई सरसावून बसल्या. निदान एका माणसाने वाचली होती!

"इथे स्पष्ट लिहिलंय की खोकी रिकामी असतात. बरोबर?"

"बरोबर," बाई उठून म्हणाल्या.

"म्हणजे वजनाला हलकी असणार."

"हो… असणार."

"मग वाहतुकीचा खर्च कमी यायला हवा! तो वाचलेला पैसा लाभांशात का दिसत नाही? आम्ही काय डोळे मिटून बसलोय का?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी "शाब्बास!" म्हणालं. अध्यक्षांनी हात जोडले, सूचना अत्यंत मोलाची असल्याचं सांगितलं आणि तिथल्या तिथे लाभांश वाढवल्याचं जाहीर केलं. बाईंना पुढे बोलायचं होतं, पण ध्वनिक्षेपक चहाची सूचना द्यायला नेला होता. चहाच्या टेबलापाशी चार-पाच जणांनी त्यांना गाठून अभिनंदन केलं. "इतकं खरं कोण लिहितं हो आजकाल? अशा पारदर्शक कंपनीतच पैसे ठेवावेत," एक डॉक्टर म्हणाले. त्या आठवड्यात शेअरचा भाव चढला. खोकी कंपनीत आणखी एक पाळी सुरू झाली आणि भावाच्या हाताखाली आणखी माणसं आली. अध्यक्षांनी व्याह्यांना जेवायला बोलावून आकडा सांगितला.

बाई दोघी बहिणींच्या कंपनीत काम करू लागल्या. पगार निम्मा आणि गिऱ्हाईकं कटकटी. पण माल बाहेर जात होता.

राहता राहिले घरचे शेअर. यजमानांनी विकायचं ठरवलं आणि शेजाऱ्यांनी लगेच तयारी दाखवली. बाईंना ते पटेना. त्यांनी शेजाऱ्यांना समोर बसवून टीप मोठ्याने वाचून दाखवली, एकदा नाही, दोनदा. शेजाऱ्यांनी डोळे बारीक करून ऐकलं.

"एवढं स्वतःहून सांगताहेत," ते म्हणाले, "म्हणजे आत काहीतरी मोठं शिजतंय. सगळेच देऊन टाका."

ही हकिगत आम्ही अनेक जाणत्या माणसांना सांगितली आहे. सगळे मनापासून हसतात. 'लोक तरी काय मूर्ख असतात,' असं म्हणून डोळे पुसतात. आणि मग, जरा वेळाने, इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो. ती आत्ता तुमच्याही ओठांवर आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो : नाही, कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही. तुम्ही सहजच विचारताय, हे माहीत आहे. तेही सहजच विचारत होते.